आईचं गोंदण

नव्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला रबराचा वास येतो. काल खोका फोडला आणि त्या वासासरशी नंदुरबारच्या मंगल कार्यालयातलं कॅमेऱ्यांचं प्रदर्शन आठवलं. भर उन्हाळा, घरघरणारे कूलर, जिल्हाभरचे फोटोग्राफर. त्यात बाई मी एकटी आणि सोबत दवाखान्यासाठी आलेली आई. विक्रेत्याने नवा कॅमेरा हातात दिला. फोटोसाठी नवरीच्या वेशातली मॉडेल उभी होती, पण मी आईचा फोटो काढला. तो मोठ्या टीव्हीवर उमटला तशी आई जवळ जाऊन बघू लागली. “मन्हं गोंदन कोठे गयं?” कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवे ठिपके गायब होते, रंगही उजळला होता. विक्रेता खुशीत म्हणाला, “मावशी, हा कॅमेरा डाग आपोआप काढतो.” आई उसळली, “डाग? मन्ही मायनी गोंदाडेल शे ते!” मी मेनूत शिरून ब्युटी मोड बंद केला. “मॅडम, लग्नाच्या ऑर्डरला हेच लागतं, नाहीतर धंदा बसेल,” म्हणत त्याने तो परत चालू केला. मी परत बंद केला, आईला मॉडेलच्या जागी दिव्यांखाली उभं केलं आणि फोटो काढला. टीव्हीभर आईचा सावळा चेहरा आला, ठिपक्यांसकट. विक्रेत्याने रिमोट उचलला. “राहू द्या,” मी म्हटलं, “लोकांना बघू द्या.” अजूनही नवा कॅमेरा हातात आला की तारीख-वेळ लावायच्या आधी मी तो मोड बंद करते. नवरी गोरी करून हवी असेल, तर शहाद्यात माझा सोडून दुसरे स्टुडिओ आहेत. पत्ता मीच सांगते.