‘बा.’ म्हणजे बादली

“आज काय उकडतंय!” असं सरांसमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच चष्म्यावरून बघत विचारायचे, “कुणी मोजलं? कशानं? किती वाजता?” तीन प्रश्न, याच क्रमानं. समोरचा बिचारा “नाही, आपलं वाटलं” असं पुटपुटला, की सर म्हणायचे, “वाटलं होय? मग ठीक आहे. वाटण्याची नोंद आपण ठेवत नाही.”

ऑफिसात सगळे त्यांना मागून शंकासुर म्हणत. पुढून म्हणायची छाती नव्हती. निवृत्त झाले होते, तरी आठवड्यातून तीन दिवस कर्वेनगरहून बसनं यायचे आणि आमच्यासारख्यांचे प्रबंध तपासायचे. आमचं काम समुद्राच्या तापमानाचं, आणि ते चालायचं पुण्यात, जिथे पाणी म्हणजे मुठा आणि ती कशी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. सर पक्के शाकाहारी. पण एकदा मासळीच्या दुकानाबाहेर ‘ताजा सॅमन’ अशी पाटी दिसली, तर आत शिरून विचारलं, “हा थंड पाण्यातला मासा. पुण्यापर्यंत ताजा कसा आला?” दुकानदार म्हणाला, “काका, घ्यायचाय का?” सर म्हणाले, “नाही. पाटी दुरुस्त करायचीय.”

मी यवतमाळची. शिष्यवृत्तीवर आले होते आणि ती मार्च अखेर संपणार होती. त्याआधी प्रबंध दिला तर दिला, नाहीतर बॅग भरून घरी. तिथे वडिलांनी स्थळं बघून ठेवलीच होती. विषय होता उत्तरेकडच्या समुद्रातला कॉड. या माशाला थंडच पाणी लागतं. पाणी तापायला लागलं, की तो आणखी उत्तरेला सरकतो, नाहीतर खोल जातो. तापमान आणि माशांची जागा, दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघायचे, एवढंच माझं काम.

पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं, “जहाजावर समुद्राचं पाणी दोन तऱ्हांनी मोजतात. एक, बादली सोडून वर काढलेलं पाणी. दुसरं, इंजिन गार करायला पाइपातून आत घेतलेलं. त्या पाइपातल्या पाण्यावर विश्वास ठेवू नका. इंजिनाशेजारी बसून कोण थंड राहतं?” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मग मला तळघरातल्या कपाटात जुनी नोंदवही सापडली. त्या उत्तरेकडच्या समुद्रात गेलेल्या जहाजांच्या उन्हाळ्यातल्या नोंदी कुणीतरी हातानं उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक जागेपुढे दोन आकडे. एकाशेजारी पेन्सिलीनं ‘पा.’, दुसऱ्याशेजारी ‘बा.’. मला आनंद झाला. पा. म्हणजे पाइप, बा. म्हणजे बादली! सगळे ‘पा.’ मी निगुतीनं टाकून दिले आणि ‘बा.’ घेऊन नकाशा काढला. आणि काय सांगू, एका मोठ्या पट्ट्यात कॉड चक्क गरम पाण्यात राहत होता! सगळं जग म्हणत होतं तो पळतो, आणि माझा कॉड ठाण मांडून बसलेला. मला रात्रंदिवस तोच दिसत होता.

सरांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, “मासा खोटं बोलत नाही. त्याला पगार नसतो. ‘बा.’ म्हणजे बादली, हे कुणी सांगितलं?”

“सर, दुसरं काय असणार?”

“म्हणजे वाटलं. मूळ वही द्या. घरी नेतो.”

बाहेर आल्यावर एका सहकाऱ्यानं कानात सांगितलं, “वही गेली समज. म्हाताऱ्याला आपल्या आधी कुणी काही शोधलेलं सोसत नाही.” झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. एक आठवडा गेला, सर ऑफिसात फिरकले नाहीत, फोन उचलेनात. माझी खात्रीच पटली की शोध त्यांच्या नावानं छापून येणार. नवव्या दिवशी मी तणतणत कर्वेनगर गाठलं. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, दार उघडलं, तर सर भिंग घेऊन वहीवर वाकलेले, शेजारी वाण्याच्या याद्यांचा ढीग.

“काय करून राहिले सर तुम्ही?” संतापात माझं यवतमाळ बाहेर आलं. “माझा मार्च येऊन राहिला!”

सरांनी भिंग वहीवरून एका यादीवर सरकवलं. काकूच म्हणाल्या, “अगं, हा ‘बा’ यांचाच. बाजरी लिहितानाही असंच शेपूट ओढतात, बघ.”

“अक्षर माझं आहे,” सर खालमानेनं म्हणाले. “नोकरीला लागलो त्या वर्षीचं. सगळ्या जगाला विचारत फिरलो आणि हे मीच लिहून विसरलो. पा. म्हणजे पाण्याचं. बा. म्हणजे बाहेरच्या हवेचं.”

मी समुद्र फेकून दिला होता आणि हवा ठेवली होती. कॉड कुठल्याही गरम पाण्यात राहत नव्हता. वर हवा उबदार होती आणि खाली तो आपल्या थंड पाण्यात निवांत होता. त्याहून जास्त लाज वाटली ती ज्या संशयानं मी जिना चढले होते त्याची. मी तो सांगून टाकला. सर म्हणाले, “संशय घेतलात, बरं केलंत. माणूस बरोबर होता, गोष्ट चुकली. माझ्या दानतीचा नाही, अक्षराचा घ्यायला हवा होता.”

त्यानंतर सर रोज आले. टाकून दिलेले सगळे ‘पा.’ आम्ही परत मांडले. चमत्कार उरला नाही. थंड पाण्याची एक चिंचोळी पट्टी उरली आणि तिच्या आत मासे. प्रबंध मार्च संपायला दोन दिवस असताना गेला. ‘नोंदवहीतील संदिग्ध अक्षरे माझी’ अशी तळटीप सरांनी हट्टानं घालायला लावली. पुढे त्यांनी काहीही आखूड लिहिलं नाही. मला आलेल्या पत्रांवर ‘ता.’ नसे, पूर्ण ‘तारीख’ असे.

मागच्या थंडीत एका सकाळी काकूंचा फोन आला. “अगं, आपले सर गेले.”

माझ्या तोंडून काय बाहेर पडलं? “कुणी सांगितलं? कशानं? किती वाजता?”

विचारलं आणि जीभ चावली. मग काकू हळूहळू, एकेक करून म्हणाल्या, “मी स्वतः बघितलं. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. सहा वाजून दहा मिनिटांनी.” लगेच त्यांनीच दुरुस्ती केली, “भिंतीवरच्या घड्याळात. ते दोन मिनिटं पुढे आहे गं.”

“म्हणजे सहा वाजून आठ,” मी म्हणाले, आणि मग आम्ही दोघी रडलो.