कोबेच्या बाईनं निवडलेली गाणी

लग्नानंतरच्या दुसऱ्या सुट्टीत ह्यांनी जपानच्या कोबे बंदरातून टेपरेकॉर्डर आणला. हे मालवाहू बोटीवर इंजिनियर होते. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, बाकीचे रत्नागिरीत, मांडवीच्या घरी. एरवी घरात मी आणि सासूबाई दोघीच. टेपरेकॉर्डर बघायला आळीतली बरीच माणसं आली. एखादं नाट्यगीत ऐकायला मिळेल म्हणून सगळे सरसावून बसले, आणि ह्यांनी लावली ती एक जपानी कॅसेट. पहिल्याच गाण्याला शेजारच्या वकीलकाकांनी मशीन बिघडलंय का म्हणून विचारलं.

ह्याला रॉक म्हणतात, ह्यांनी सांगितलं, तिकडच्या वेगवेगळ्या बँडची गाणी आहेत. माणसं चहा पिऊन उठून गेली. हे मात्र रोज दुपारी ओटीवर आरामखुर्चीत पडून तीच कॅसेट लावत. दोन गाण्यांच्या मधे एक बाई बोलायची. थोडंसंच, हळू, समोर बसून सांगावं तसं. ती काय म्हणते, असं मी एकदा विचारलं. मला कुठं जपानी येतंय, गाण्याचं नाव सांगत असेल, असं म्हणताना ह्यांनी माझ्याकडं नाही, आत बसलेल्या आईकडं पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

सुट्टी संपली, हे बोटीवर परत गेले. कॅसेट घरीच राहिली. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी ती लावून बसू लागले. आधी नुसती करमणूक म्हणून. पहिलं गाणं दोघा पुरुषांचं होतं, गिटारीवर, साधंसुधं. दुसऱ्यात असा काही दणदणाट की भातगिरणीचा पट्टा तुटून भिंतीवर आपटतोय असं वाटे. तिसऱ्यात माणूस कमी आणि यंत्रं जास्त. मग चौथ्याच्या आधी ती बाई बोलली, आणि बोलता बोलता तिनं माझं नाव घेतलं.

मी कॅसेट मागं फिरवली. पुन्हा ऐकली. माझ्या नावात ल आहे, त्याचा तिनं र केला होता आणि शेवटाला उगाच काहीतरी जोडलं होतं, पण नाव माझंच. कोबेच्या का कुठल्या त्या बाईला माझं नाव कसं ठाऊक? आणि ठाऊक असलं तरी ते घेऊन ती हसते कशाला? कारण ती हसली होती. नावानंतर लगेच, थोडंसं.

बोटीवरच्या माणसाला प्रत्येक बंदरात एक घर असतं, असं आमच्याकडं लोक म्हणत. लग्न ठरलं तेव्हा मलाही कुणीतरी ते चेष्टेत ऐकवलं होतं. आता ते पुन्हा पुन्हा आठवायला लागलं. पत्रात विचारावं असं मनात आलं, पण पत्र पोचायला महिना, उत्तराला महिना, आणि उत्तर लिहिताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. मला विचार करून दिलेलं उत्तर नको होतं. तोंडावर विचारलेल्याचं हवं होतं. मग मी त्यांच्या जुन्या पत्रांतलीच वाक्यं उलटीसुलटी करून बघू लागले. कोबेला पाऊस आहे, बाहेर जाता आलं नाही, असं एकात होतं. बाहेर गेले नव्हते, तर मग कॅसेट कुठून आली?

"दुपारची त्या खोक्याला कान लावून काय ऐकतेस गो?" एक दिवस सासूबाईंनी विचारलं.

गाणी, मी म्हटलं. कळतात का, असं त्यांनी विचारलं. नाही, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्याच नाहीत. तांदूळ निवडायला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. दणदणाटाच्या गाण्याला तोंड वाकडं केलं, यंत्रांच्या गाण्याला खडे वेचत राहिल्या. मग ती बाई बोलली आणि सासूबाईंचा हात थांबला.

"ती तुझं नाव घेते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या मुलाची बाजू घेतील. पण त्यांचा संशय माझ्यापेक्षा जुना असावा. सासरेही तरुणपणी बोटीवर होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढं काही त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की तुझ्या मावशीचे यजमान जपानात राहून आलेत ना, मग पोफळीला जाऊन ये. आणि शेजारी कुणी विचारलं तर मावशीला बरं नाही म्हणून सांग.

माझी मावशी पोफळीला वीजघराच्या कॉलनीत राहायची. काका तिथं नोकरीला लागण्याआधी मुंबईच्या एका कारखान्यात होते आणि त्या कारखान्यानं त्यांना यंत्राचं काम शिकायला जपानला पाठवलं होतं. मी एसटीनं चिपळूण गाठलं, तिथून पोफळी. कॅसेट पिशवीत पंच्यात गुंडाळून नेली होती. ह्यांना गाण्यांची नावं हवी आहेत, असं मी काकांना सांगितलं. मावशीनं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं. तिला ते पटलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर काकांनी कॉलनीतून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि कॅसेट लावली. ती बाई बोलली तसे काका हसले आणि सांगू लागले. ही गाणी तिनं निवडून दिलेली आहेत. पहिलं एकट्यानं ऐकायचं. दुसरं मोठ्या आवाजात लावायचं, शेजारी भांडायला आले तरच ते नीट ऐकलं असं समजायचं. तिसऱ्यातली माणसं यंत्रासारखी वाजवतात, म्हणून ते आवडायला वेळ लागेल, लगेच बंद करू नये.

"तुम्ही तर मला सांगितलं होतं, जपानी येत नाही म्हणून," मावशी म्हणाली. "नुसतं गरम पाणी मागता येतं म्हणालात."

काका म्हणाले, कानावर पडून थोडं कळायला लागतं. कोणाच्या तोंडचं कानावर पडून, असं मावशीनं विचारलं. काकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी आवाज वाढवला, आणि नेमकी तेव्हाच चौथ्या गाण्याआधीची ती बाई आली.

ह्या वेळी काका हसले नाहीत. मागं फिरवून पुन्हा ऐकलं. 

"हे तुझ्यासाठी आहे," ते म्हणाले. "ती म्हणते, तुमचे यजमान सांगतात की तुम्ही सुपावर, ताटावर, जिथं मिळेल तिथं बोटांनी ताल धरता. हा सगळा बायकांचा बँड आहे. ड्रमसुद्धा बाईच वाजवते. तिच्याकडं लक्ष ठेवून ऐका."

त्या खोडीवरून सासूबाई मला नेहमी टोकत. ह्यांनी कधी एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांचं लक्ष असेल असं मला वाटलंच नव्हतं. मला बरं वाटलं, आणि लगेच दुसरा संशय आला. घरात जे मला सांगितलं नाही ते त्या बाईला सांगायला किती वेळ बसले असतील? तिचं वय काय असेल, असं मी काकांना विचारलं. आवाजावरून काय कळणार, ते म्हणाले.

"तुम्हाला कळेल हो," मावशी म्हणाली आणि उठून आत गेली.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण बाई भेटली कुठं, ते विचार."

आंबे उतरायच्या दिवसांत हे आले. दुसऱ्याच संध्याकाळी मी त्यांना जेटीवर फिरायला घेऊन गेले आणि बसायच्या आधीच विचारलं. ते गोंधळले. पण लपवलं असं वाटण्यासारखे नाही गोंधळले. बंदराजवळ रेकॉर्डी भाड्यानं देणारं एक दुकान होतं. पाऊस थांबल्यावर शेवटच्या दिवशी ते तिथं गेले. बायकोसाठी गाणी हवीत, एवढं त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. दुकानातल्या बाईनं विचारलं, बायको कशी आहे? ते इंग्रजीत काय सांगणार! म्हणून त्यांनी दुकानाच्या फळीवर बोटांनी वाजवून दाखवलं.

"असं," म्हणून त्यांनी जेटीच्या कठड्यावर वाजवलं. ते माझंच वाजवणं होतं, डाव्या हाताच्या नेहमीच्या चुकीसकट.

मग बाईनं नाव विचारलं. पुढचं, रेकॉर्डींवरून गाणी फितीवर उतरवणं आणि मधे मधे बोलणं, तिनं आपल्या मनानं केलं. कॅसेटमध्ये ती काय बोलली हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. मग तेव्हाच हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं. आईसमोर काय सांगणार, ते म्हणाले, बायकोसाठी गाणी निवडून घेतली म्हणून?

मी विश्वास ठेवला. सासूबाईंनीही ठेवला असावा, कारण पुढं पुढं त्या स्वतःच ते पहिलं, दोघांचं गिटारीवरचं गाणं लावायला सांगत. पोफळीचं प्रकरण मात्र मिटलं नाही. मावशी त्यानंतर बरीच वर्षं काकांच्या जपानच्या गोष्टी अर्ध्यात तोडायची आणि ते कुणाकडून कळलं, म्हणून विचारायची.

पुढच्या सफरीहून ह्यांनी आणखी एक कॅसेट आणली. मी ती दुपारी एकटीनं लावली. गाणी चांगली होती. एकात तर बासरीसारखं काही होतं आणि त्यामागं तोच दणदणाट. पण गाण्यांच्या मधे कुणी बोललं नाही. नुसती फितीची खरखर. मी दोन्ही बाजू ऐकल्या.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, ते दुकान बंद होतं, ही दुसरीकडून तयार घेतली. खरं असणार. तरी ते दुकान कायमचं बंद झालं की त्या दिवसापुरतं, हे मी त्यांना आणखी दोनदा विचारलं.