रॉकेलवरचं जेट

गोरक्षभाऊंचं विमानाचं वेड उतरेल अशी आशा अख्ख्या मिरजगावात फक्त त्यांच्या बायकोला, लंकावहिनींना उरली होती. भाऊ हवाई दलात इंजिन फिटर होते. नोकरी संपवून गावी आल्यावर त्यांनी गोठ्याशेजारी पत्र्याची खोली टाकली आणि रेडिओच्या रिमोटवर उडणारी छोटी विमानं करायला घेतली. पंख्याची चार-पाच विमानं ज्वारीत आपटून झाली, तेव्हा म्हणाले, आता जेट.

माझं टायरचं दुकान. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी ट्रकच्या इंजिनात हवा कोंबणाऱ्या जुन्या टर्बोचं चाक पैदा केलं, मागचं दुसरं चाक पुण्याच्या मित्राकडून कापून आणलं आणि दोन वर्षं खपून तांब्याएवढं इंजिन बसवलं. तो मित्र पुढे परदेशी गेला. म्हणजे इंजिन हे एकच. फिरताना आत खडा जरी गेला तरी चाकं फुटणार आणि दोन वर्षं मातीत जाणार, हे भाऊंनी घरीदारी सगळ्यांना बजावलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला उडवायचं ठरलं. गावाबाहेर नव्या रस्त्यावर डांबर पडलं होतं, वाहतूक सुरू व्हायची होती. भाऊंनी तो स्वतः खराट्याने झाडला. पाच फुटी विमान, पाठीवर उघडं इंजिन आणि इंजिनाच्या तोंडावर पिवळं रंगवलेलं कडं.

दसरा म्हटल्यावर वहिनी पूजेचं ताट घेऊन हजर. नवी गाडी पूजेशिवाय रस्त्यावर काढायची, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. भाऊंनी कुंकू लावू दिलं, झेंडूचा हार घातला तसा उतरवला, नारळ लांब नेऊन फोडला. इंजिन सुरू झाल्यावर काही उधळायचं नाही, हे वहिनींकडून कबूल करून घेतलं. त्या तशाही फणफणलेल्या होत्या. त्यांची चहाची गाळणी आठवडाभर सापडत नव्हती आणि त्यावरून शेजारच्या साळूबाईशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

टायरमध्ये हवा भरायचा माझा कॉम्प्रेसर टेम्पोतून आणला होता. भाऊंनी खूण केली, मी हवेची नळी इंजिनाच्या तोंडाशी धरली. चाक फिरलं, आत गॅस पेटला, मग स्टोव्हचंच रॉकेल जाऊ लागलं आणि शिट्टी चढत गेली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. भाऊ मात्र देवळाच्या पायरीवर बसल्यासारखे निवांत. मी नळी काढून मागे सरलो.

तेवढ्यात वहिनींनी मूठभर अक्षता टाकल्या. त्यांचं बघून आणखी चार बायकांनी टाकल्या. इंजिनाने दाणे खेचले, आवाज घोगरा झाला आणि भाऊंनी रॉकेल तोडलं.

वहिनींनी आपल्याच हाताकडे पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. मला त्यांचा राग आला होता, पण तो चेहरा बघून विरला.

भाऊ सावकाश चालत गेले. इंजिन गार होऊ दिलं, पिवळं कडं फिरवून काढलं आणि वहिनींपुढे धरलं. दांडी कापलेली गाळणी होती ती. आत तांदूळ.

"लंका, आपली मानसं मला ठावी हायेत," भाऊ म्हणाले. "पयली तू."

त्यांनी गाळणी झटकली, बोटाने चाक फिरवून बघितलं आणि पुन्हा बसवली. दुसऱ्यांदा इंजिन पेटलं तेव्हा वहिनी दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या होत्या. विमान रस्त्यावरून सुसाट निघालं, उचललं आणि ज्वारीवरून असं वळलं की बघणाऱ्यांच्या टोप्या मागे पडल्या. दोन फेऱ्या मारून ते डांबरावर अलगद टेकलं. मी ओरडत होतो, हे मला दुसऱ्या दिवशी घसा बसल्यावर कळलं.

भाऊ गाळणी काढून परत द्यायला लागले, तर वहिनींनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," त्या म्हणाल्या. "आमचा हात काय सुधारायचा न्हाई. साळूबाईला तेवढं तुमी सांगा."