पत्रे बघायला येतो!

मच्छी विकणाऱ्याच्या हाताला मच्छीचा वास लागतो, कंपाउंडरच्या शर्टाला औषधाचा. आमच्या नोकरीत माणसाला किस्से लागतात! शिडी लावायची, वर चढायचं, पत्रा बघायचा, खाली उतरायचं. काम म्हणाल तर एवढंच. पण खाली उतरेपर्यंत शिडीच्या पायथ्याशी काहीतरी घडलेलं असतंच. रिपोर्टांना वर्षाकाठी एक फाईल पुरते. किस्स्यांना कपाट पुरणार नाही.

आमचं ऑफिस ओरोसला. जुनी घरं, शाळा, कारखाने दुरुस्त करायच्या किंवा पाडायच्या आधी तिथे ॲसबेस्टॉस कुठे लपलाय ते आम्ही शोधतो. आपण ज्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो ना, करडा, नागमोडी, त्यात तो बहुतेक असतो. जुन्या पाइपात, टाक्यांत, मीटरच्या मागच्या फळीतही निघतो. पत्रा गप्प पडून असेल तोवर ठीक. कापला, घासला, फोडला की डोळ्यांना न दिसणारी कुसळं हवेत उडतात आणि छातीत जाऊन कायमची मुक्कामाला बसतात. म्हणून आधी ओळखायचा, मग हात लावायचा.

ऑफिसात आम्ही तिघं. आपटे सर, आमचे बॉस, पुण्याचे, वय तेहतीस, अविवाहित, बोलताना कायम 'मुद्दा क्रमांक एक' पासून सुरुवात करणारे. मी, परब मॅडम, कुडाळची, इंजिनियर. आणि बाबलकाका. गाडी चालवणं, शिडी धरणं आणि सरांचं म्हणणं खोडून काढणं, ही तिन्ही खाती त्यांच्याकडे.

*

सरांचं पहिलं तत्त्व असं की, "डोळ्यांनी फक्त संशय घेता येतो. खात्री लॅबच देते." तुटक्या कडेला केसासारखे तंतू दिसले, पत्रा जुना असला, तर संशय घ्यायचा. मग पाणी फवारून चिमूटभर तुकडा काढायचा, दोन पिशव्यांत बंद करून पुण्याच्या लॅबला पाठवायचा.

बाबलकाकांना हे अजिबात मान्य नव्हतं. ते गाडीतूनच बोट दाखवायचे, "ह्यात आसा. ह्यात नाय. ह्यात आसा."

"काका, असं नाही सांगता येत."

"सर, तुमी पत्रो पुस्तकात बघितलास. मी पत्र्यार बसून जेवलंय!"

शेवटी पैज लागली. काका म्हणाले, "माझ्या मांगराचो पत्रो घेवा. मी स्वतः आणलेलो, स्वतः चढवलेलो. त्यात काय्येक नाय." आम्ही त्यांच्या बागेतल्या मांगरावरून, म्हणजे अवजारांच्या खोपटावरून, तुकडा काढला, पाठवला. रिपोर्ट आला. ॲसबेस्टॉस आहे!

काका दोन दिवस तो रिपोर्ट उलटापालटा करून बघत होते. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू करता करता गंभीरपणे म्हणाले,

"सर, ती लॅब एकदा तपासूक व्हयी."

*

पिशव्यांवर लेबलं लावायचं काम काकांकडेच आहे. एकदा लॅबमधून फोन आला. पलीकडच्या बाई फार अदबीने म्हणाल्या, "मॅडम, तुमचा नमुना मिळाला. पण आमच्याकडे जनावरांची तपासणी होत नाही हो."

मी चक्रावले. "जनावरांची?"

"लेबलवर तसं लिहिलंय. 'गावकरांची म्हैस, उजवी बाजू, किंचित तडा.'"

काकांना विचारलं, तर ते उलट माझ्यावरच उखडले. "गोठ्यात दोन पत्रे आसत. एक बैलाच्या वर, एक म्हशीच्या वर. मगे मी काय लिवचा?"

*

आरोंद्याला खाडीकाठी सुमतीकाकींचं घर. तिथला पत्रा बघून झाल्यावर काकींनी जेवायला बसवलं. आमटी, भात आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, किसमूर. भरपूर ओलं खोबरं, वर कच्चा कांदा. सर पुण्याचे असले तरी या बाबतीत आमच्याही पुढे आहेत. दोनदा किसमूर मागून घेतली.

"काकी, अशी सुंगटं मी कुठे खाल्लीच नाहीत. इतकी कुरकुरीत कशी काय?"

काकी खूश झाल्या. "वाळवणीत सगळा आसता, बाबा. खाली अंगणात घातली की कोंबडी येतत. म्हणान मी वर घालतंय."

"वर म्हणजे?"

"त्या तुमच्या पत्र्यार! आता तुमी जेच्यार पाणी मारलास ना, तेच्याच बाजूक."

सरांचा घास तोंडातच थांबला. गिळायचा की नाही, हे 'मुद्दा क्रमांक एक' मध्ये नव्हतं! उष्ट्या हाताने त्यांनी पुण्यातल्या आपल्या गुरुजींना फोन लावला. दोन मिनिटं "हो सर, हो सर" केलं. मग फोन ठेवून म्हणाले, "खरा धोका श्वासातून आहे. पोटातून त्या मानाने फार कमी. पण काकी, आजपासून पत्र्यावर वाळवण बंद. तिथे चढायचंसुद्धा नाही."

"बरां," काकी म्हणाल्या. "मगे ही आता टाकू?"

सरांनी ताटाकडे बघितलं. काकींकडे बघितलं. आणि फार विचार करून म्हणाले,

"ताटातली राहू द्या."

*

मालवणच्या बाजूची एक शाळा. आम्ही आठ दिवस आधी रीतसर पत्र पाठवलं होतं, 'छपराच्या तपासणीसाठी येत आहोत.' तपासणी हा शब्द शाळेत फार जपून वापरायला हवा, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

पोचलो तर दारात रांगोळी. गुरुजी इस्त्रीच्या कपड्यांत. आणि छप्पर पांढरंशुभ्र, दुधासारखं! सरांनी घाबरतच विचारलं, "हे काय केलंत?"

गुरुजी अभिमानाने म्हणाले, "सर, फार शेवाळ होतं. दोन गडी लावून तारेच्या ब्रशने घासून घेतलं. वरून दोन हात चुना. आता शोधूनसुद्धा ॲसबेस्टॉस दिसणार नाही, मी स्वतः उभा राहून काढून टाकलाय!"

सर पायरीवर खालीच बसले. गड्यांनी दिवसभर घासलं होतं ते कोरडंच. वर्गातल्या बाकांवर बारीक करडी पूड बसलेली. नशीब, घासकाम रविवारचं होतं आणि पोरं अजून प्रार्थनेला अंगणातच होती. सरांनी दोन्ही वर्गांना तिथल्या तिथे कुलूप लावलं. पुढचे आठ दिवस शाळा वडाखाली भरली. आम्ही मास्क घालून एकेक बाक, एकेक खिडकी ओल्या फडक्याने पुसली. झाडू घ्यायचा नाही, नाहीतर पूड पुन्हा उडते. गुरुजींचा चेहरा एवढासा झाला होता. रोज आमच्याबरोबर तेही फडकं घेऊन यायचे.

शेवटच्या दिवशी वर्ग उघडले. चौथीतली एक मुलगी सरांजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"सर, परत कधी येतलास तपासूक?"

*

रेडीचा विजू. पत्रे कापण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता. ग्राइंडर सुरू केला की पाच मिनिटांत तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. तोंडाला रुमाल, तोही घाम पुसायला खाली ओढलेला. आम्ही एका कारखान्यात गेलो तेव्हा तो असाच उभा होता.

सरांनी ग्राइंडर बंद करायला लावला आणि त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. विजू ऐकत राहिला. मग हातावरची पूड बघत म्हणाला, "सर, माका बावीस वर्सां झाली."

सरांनी खिशातला स्वतःचा मास्क काढून त्याच्या हातात ठेवला.

बाबलकाकांनी गाडीचं दार उघडलं. "बस गाडीत." आणि तसाच त्याला दवाखान्यात नेला. एक्स-रे काढला. डॉक्टर फिल्म बघत होते तेव्हा विजूने माझ्या फाईलचा कोपरा इतका घट्ट धरला होता, की नंतर तो सरळ झालाच नाही. डॉक्टर म्हणाले, "आज काही दिसत नाही. पण याचं दुखणं उशिरा येतं, तेव्हा दर वर्षी येऊन दाखवायचं. आणि विडी आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी विजू ऑफिसात हजर. त्याने ती फिल्म आमच्या खिडकीच्या काचेला चिकटवली आणि म्हणाला, "रोज तुमी लोकांका रिपोर्ट देतास. आज माझो बघा!"

आता तो आमच्याच कामावर असतो. पत्रे भिजवून, न फोडता, अख्खे उतरवतो. पण ग्राइंडरचा आवाज आला की त्याच्या अंगात येतं. चालत्या गाडीतून उडी मारतो, "बंद कर! बंद कर आधी!" मागे सावंतवाडीत असाच एका दारात घुसला. आत एक बाई तोंड उघडून खुर्चीवर पडलेल्या आणि डॉक्टर त्यांच्या दाढेला भोक पाडत होते!

*

आता तात्यांचा किस्सा. कुडाळजवळच्या गावात तात्यांचं घर. आदल्या दिवशी बाबलकाकांनी फोन केला होता, "उद्या पत्रे बघूक येतो." रेंज अर्धवट. तात्यांना ऐकू आलं, 'पत्रिका'.

त्या दिवशी सरांना दुपारी मीटिंग होती, म्हणून नवा शर्ट. आम्ही ओटीवर बसलो. पोहे आले, लाडू आले. मला वाटलं, किती अगत्यशील माणसं! मग एक मुलगी साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन आली. तात्या म्हणाले, "ही आमची स्वाती."

सरांनी नमस्कार केला आणि मान वर करून छपराकडे बघू लागले. ते कामावर कुठेही गेले की छपराकडेच बघतात.

"साधारण किती वर्षं झाली?" सरांनी विचारलं.

"सत्तावीस चालू आहे," तात्या म्हणाले.

"अरे बापरे! म्हणजे तसं जुनंच." तात्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "मध्ये काही दुरुस्ती वगैरे?"

तात्या गोंधळले. "दुरुस्ती... एक दात तेवढा बसवलोय."

सरांचं लक्षच नाही. "मी स्पष्टच बोलतो. मला संशय आहे. आपण एक छोटा तुकडा काढून पुण्याला पाठवू. रिपोर्ट आला की मग ठरवू, ठेवायचं की काढायचं."

तात्या ताडकन उठले. "तुकडो? माझ्या चेडवाचो?"

स्वाती मात्र मघापासून माझ्या पिशवीतून डोकावणारं हेल्मेट आणि पाणी फवारायची बाटली बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, बसा. हे माका बघूक इले नाय, छपराक इले." मग सरांकडे वळून, "आणि सर, छपराला चाळीस वर्षं झालीत. सत्तावीस माझं वय."

सरांचा चेहरा सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यासारखा लाल झाला!

त्या घराचा लॅब रिपोर्ट पहिल्याच आठवड्यात आला. सर त्यानंतर फेरतपासणीला तीनदा जाऊन आलेत.

*

आणि हा देवळाचा. एका गावात ग्रामदेवाच्या सभामंडपावर जुने पत्रे. वानरं उड्या मारून फोडतात, आणि खाली जत्रेला अख्खा गाव बसतो. सरांनी आठ पानी रिपोर्ट वाचून दाखवला. गावाने शांतपणे ऐकला आणि लगेच दोन तट पडले. एकांना पूर्वीसारखी मातीची कौलं हवी होती, दुसऱ्यांना लोखंडी पत्रा. तास गेला, दोन तास गेले, आवाज चढत गेले. कुणीतरी तर "मगे आसत तेच ऱ्हवांदेत!" म्हणालं, तेव्हा सरांनी कपाळाला हात लावला.

शेवटी म्हातारे मानकरी उठले. "भांडान काय्येक होवचा नाय. देवाक कौल लावया."

मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर लोखंडी पत्रा, डावीकडची पडली तर मातीचं छप्पर, असं ठरलं. मानकऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं,

"बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो पुण्याचो सायब तुझ्या दारात आठ पानां घेवन उभो आसा, ती पानां आमका कोणाक समाजली नाय, ती तू समजान घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"जी काय इडापिडा ह्या जुन्या पत्र्यात दडान बसलेली आसा, ती पोराटोरांच्या छातीत न जाता गावाच्या भायर जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सरांचाही आवाज होता, मी शेजारीच उभी होते.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. पाकळ्या हलेनात. सगळ्यांचे डोळे लागलेले. आणि टपकन एक पाकळी पडली. उजवी नाही, डावी नाही. मधली!

गाव पुन्हा कुजबुजायला लागला. मानकऱ्यांनी पाकळी उचलली, कपाळाला लावली आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "देवान कौल दिलो!"

सर पेन उघडून पुढे झाले. "म्हणजे नक्की काय ठरलं? पत्रा की कौल?"

मानकऱ्यांनी सरांकडे असं बघितलं, जसं आम्ही कच्च्या इंजिनियरकडे बघतो.

"सायबा, इतक्या वर्सांत देवान कधी कोणाक पत्रो दिल्यान?"