उद्या हितूनच धरू

आमच्याकडे कृपा हा शब्द चालत नाही. लहानपणापासून विहारात एकच ऐकत आले, वरून कुणी हात देणार नाही, आपला दिवा आपणच व्हायचं. मला ते पटतंही. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात माझ्या बाबतीत जे घडलं त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दिवा व्हायचं खरं, पण माझ्यात तेव्हा वातसुद्धा उरली नव्हती.

मी नांदेडला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. दुःखाला लोक कारण विचारतात आणि माझ्याकडे कारण नव्हतं. मायनं निलंग्याकडं लोकांच्या रानात खुरपून मला शिकवलं, नोकरी लागली, पक्कं घर झालं. आणि मग एकेक गोष्ट माझ्या हातून सुटत गेली. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, पुन्हा उजाडलं. अंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. हसणाऱ्या माणसांचा राग यायचा आणि मग त्या रागाची लाज वाटायची. कचेरीतल्या एका मैत्रिणीला धीर करून थोडंसं सांगितलं तर ती म्हणाली, "सुख बोचायलंय तुला." मला तिचा राग आला नाही, कारण मी स्वतःला हेच म्हणत होते. ज्या घरातल्या बायकांना उन्हात घडीभर टेकायची मुभा नव्हती, त्या घरची लेक पंख्याखाली बसून रडते, हे कुणाला सांगायचं? आपण नसलेलंच बरं, असं वाटू लागलं. पुढं त्या वाटण्याची भीतीही वाटेना. शेवटी रजा टाकली आणि मायकडे येऊन पडले.

बोलता येत नव्हतं म्हणून मोबाईलवर लिहू लागले. मनाच्या आजारांवरचं एक मराठी संकेतस्थळ सापडलं होतं. लोक त्यावर आपापले अनुभव लिहून पाठवत, नाव दिलं नाही तरी चालत असे. भिंतीकडं तोंड करून, अंगठ्यानं एकेक ओळ टिपत मी सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं. कुणीतरी अनोळखी माणसानं ते वाचावं आणि हे खरं आहे म्हणावं, एवढ्यावर मी जीव टांगून ठेवला होता. उत्तर आलं, तेही आपुलकीचं. संपादक बाईंनी लिहिलं होतं की लेखन मनाला भिडलं, वाचकांना उमेद मिळावी म्हणून तुम्ही यातून कशा बाहेर पडलात तेवढं शेवटी जोडाल का?

बाहेर पडले असते तर भिंतीकडं तोंड करून कशाला पडले असते? त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. तरी मला वाटलं, बऱ्या झालेल्यांच्याच दुःखाला जगात जागा आहे, बाकीच्यांनी आधी बरं होऊन यावं. मी शेवट लिहूनही पाहिला. सूर्योदय घातला, ध्यान घातलं, अंगणातल्या झाडाला पालवी फोडली. वाचलं तर सगळं खोटं. तो शेवट पुसून टाकला. आता सांगण्यासारखंही काही राहिलं नाही, असं मनात आलं, आणि त्यानंतर जी शांतता आली ती चांगली नव्हती.

मायला वाचता येत नाही. मी दिवसभर मोबाईलवर बोटं चालवते एवढंच तिला दिसत होतं. तिनं आपला हिशोब केला आणि आळीभर सांगून मोकळी झाली, "माझी लेक लिहायलीय, छापून येणार हाय." वर्षावास चालू होता. पावसाळ्याच्या या महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायांनी ठरवलं की आज लेखिका बाईच वाचणार. माय हौसेनं ठेवणीतली पांढरी साडी घेऊन उभी राहिली. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, ते माझ्यात नव्हतं, म्हणून गेले.

मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या, ग्रंथ चौरंगावर होता. त्या दिवशीच्या भागात रडण्यासारखं काहीही नव्हतं. भिक्खूंनी चिवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, किती ठेवावीत, कशी शिवावीत, असं साधं प्रकरण होतं. फाटलेलं चिवर कसं सांधायचं, त्या ओळीवर माझा आवाज गेला. पुन्हा वाचायला गेले तर हुंदका आला आणि थांबेचना. समोर माय बसली होती. कौतुकानं फुललेला तिचा चेहरा हळूहळू उतरला, तो मला बघवेना. आता संपलं, असं मला वाटलं. नुसतं वाचन नव्हे, सगळंच.

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गुडघ्यावर हात देत ती पुढं आली, चौरंगावरचं खुणेचं पिंपळाचं पान उचलून तिनं मी अडले होते तिथं ठेवलं आणि ग्रंथ मिटला. "आजचं इथवरच. उद्या हितूनच धरू," ती म्हणाली. कुणीतरी कुजबुजलं की प्रकरण अर्धंच राहिलं. "ऱ्हाऊ दे की. ग्रंथ कुठं पळून चाललाय?" एवढं बोलून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांनी हात जोडले, शेवटची वंदना झाली, बाया चपला शोधू लागल्या.

कृपेच्या गोष्टींत मदतीला आलेली म्हातारी पुन्हा कुणाला दिसत नाही म्हणतात. आमची दिसली. जळकोटहून लेकीच्या बाळंतपणाला आली होती आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत मिरच्या निवडत बसली होती.

घरी दाराशी आल्यावर माय म्हणाली, "काय लिहीत हुतीस ते मला वाचून दाव." मी उंबऱ्यावर बसून सगळं वाचलं. नसलेलंच बरं, ही ओळसुद्धा गाळली नाही. माय पदरानं तोंड दाबून ऐकत होती. मग म्हणाली, "मला समदं न्हाई कळलं. पर खोटं न्हाई, एवढं कळलं. आन् शेवट कुठाय?"

"न्हाई, माय. अजून झालाच न्हाई."

"मग हितंच पान ठिव. आन् उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते संगं."

लातूरला एसटीनं गेलो. डॉक्टरांपुढं माय माझा हात धरून बसली होती. तोच लेख मी पुन्हा पाठवला. खाली एवढंच जोडलं की याच्या पुढचं अजून घडलेलं नाही, म्हणून इथवरच. संपादक बाईंनी तो तसाच घेतला.

मी बरी झाले, असं लिहिण्याइतकी बरी नाही. गोळ्या चालू आहेत, कचेरीत जाते, काही सकाळी अजूनही उठवत नाही. पूर्वी शरण जाणं म्हणजे मला हार वाटायची. आता वाटतं, जिथं आवाज गेला तिथं थांबायचं आणि दुसऱ्याला पान ठेवू द्यायचं, एवढंच ते असावं. त्या म्हातारीचे, मायचे, आणि ज्याला आमच्याकडे नाव नाही त्याचेही माझ्यावर उपकार आहेत.

माय आता फोनवर बरी हाईस का, असं विचारत नाही. "पान कुठवर आलं?" म्हणते. मी कधी म्हणते पुढं गेलं, कधी खरं सांगते, "तिथंच हाय, माय."

"असू दे," ती म्हणते. "हाय न्हवं?"

"हाव. हाय."