शेवटची सोळा पानं
सरकीचा उग्र वास आला की मला देवपुरातली, आमच्या वखारीवरची खोली आठवते. बी.ए. होऊन वकिलीची परीक्षा देणारा माझा धाकटा भाऊ उन्हाळ्याच्या सुटीत तिथे अभ्यासाला बसे. कापसाच्या दलालीवर मीच त्याला शिकवत होतो. एका दुपारी वरून त्याचं खदखदून हसणं ऐकू आलं. कायदा वाचून कोण हसतं? मी तावातावाने जिना चढलो, तर हातात कादंबरी! मी तिची शेवटची सोळा पानं फाडून घेतली. "भाऊ, एवढं वाची लेऊ दे ना!" तो गयावया करू लागला. "पहिले पास व्हय, मंग दिसू," मी म्हणालो. पास झाला की पानं परत, सौदा चोख होता. त्यानंतर मी कितीही कान दिला तरी वरून हसणं आलं नाही. तो पहिल्या वर्गात पास झाला. मी पेढ्यांबरोबर पानं पुढे केली. "राहू द्या, आता नकोत," म्हणत त्याने फक्त पेढा उचलला. आज शिरपुरात त्याची वकिली जोरात आहे, आणि मी गेलो तर मला अशिलासारखं बसवतो. सगळं मी केलं, तरी गुन्हेगार मीच! पुस्तक तो घेऊन गेला, पानं माझ्याकडे राहिली. ती मी कितीदा तरी वाचली. पण त्यातली बाई का रडते आणि निघून जाणारा तो कोण, हे मला अजून कळलेलं नाही.