बेळगुंदीच्या आप्पांची घंटा

"नळी ऱ्हाऊ दे. घरला जातानाच काढा," आप्पा म्हणाले आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

आप्पा बेळगुंदी गावचे शेतकरी. खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना कॅथेटर घातला होता. कॅथेटर म्हणजे मूत्राशयात सोडलेली बारीक नळी. लघवी आपोआप पिशवीत उतरते. सोयीची वस्तू, पण गरज संपल्यावर ठेवली की त्याच वाटेने जंतू वर चढतात.

राउंडला डॉक्टर माझ्यावरच घसरले. "सिस्टर, हा कॅथेटर अजून का आहे?"

"पेशंट काढू देत नाहीत, सर."

"इन्फेक्शन झालं तर घरी जाणं लांबेल त्यांचं."

शेतात रताळी काढायला आलेली, आप्पांचा सगळा जीव तिकडे. मी पडदा ओढून स्टुलावर बसले. "खरं सांगा आप्पा, अडचण काय?"

"पोरगा कामावर जातो. दिवसभर सूनबाई असती. ती आजवर माझ्यासमोर मान वर करून बोलली न्हाय. तिला लघवीचं भांडं दे म्हणू व्हय?"

"आपला अटेंडंट बसवराज आहे की."

"त्याला बोलवायला बी तिलाच सांगाय पायजे न्हवं?"

जनरल वॉर्डात बेडला बेल नसते. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सून पडद्याबाहेरच उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने डब्याच्या पिशवीतून बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा काढली आणि बेडच्या दांडीला बांधली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामांनी बोलायचं न्हाय. नुसतं हलवायचं. मी बसवराजअण्णाला धाडते आणि भाईरच थांबते."

आप्पा छताकडे बघत म्हणाले, "काढा नळी."

काढल्यावर काही तासांत लघवी व्हावी लागते, नाहीतर नळी पुन्हा घालायची वेळ येते. दुपार झाली, घंटा गप्प. सून पाण्याचा तांब्या भरून ठेवत होती. मी उगाच औषधांची ट्रॉली आवरत राहिले.

आणि घंटा वाजली. शेजारच्या बेडवरचे कानडी अज्जा म्हणाले, "एत्तु बंतु." बैल आला. सगळा वॉर्ड हसला, आप्पाही हसले. बसवराज धावला. थोड्या वेळाने पडद्यातून त्याचा फक्त अंगठा वर आला. व्हरांड्यात सून पदराने डोळे पुसत होती. मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली.

ताप न येता आप्पा वॉकर धरून घरी गेले. घंटा घेऊन गेले; बैल वाट बघत असणार.

कॅथेटर का ठेवलाय, हे डॉक्टर अजूनही मला विचारतात. मी आधी पेशंटला विचारते, भांडं कुणाकडं मागणार?